सोमवारी बंद

तुम्ही सुट्टीचं एवढं कौतुक करताय म्हणून आठवलं. ऐंशी सालानंतर आमच्या पालीच्या बाजारपेठेला दुकान-कायदा लागू झाला आणि माझ्या छापखान्याला आठवड्याची सुट्टी सक्तीची झाली. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला माझ्याकडे एकटे धोंडूदादा, त्यांची मुलं-सुना सगळी मुंबईला. ‘सोमवारी बंद’ ही पाटीही त्यांनीच जुळवून छापली आणि मग विचारलं, "मालक, सोमवारी मी करू काय?"

"आराम करा."

"तो कसा करतात?"

पहिल्याच सोमवारी इन्स्पेक्टर तपासणीला आला, तर पाटीखालच्या पायरीवर धोंडूदादा डबा घेऊन हजर.

"मालकानं कामाला बोलावलंय?"

"नाय साहेब. नुसता बसलोय. घरात कोण हाय बोलायला?"

तेवढ्यात मी पोचलो, हातात छापखान्याची किल्ली.

"मग तुम्ही कशाला आलात?" इन्स्पेक्टरनं मला विचारलं.

माझ्या बायकोला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, पण ते काय इन्स्पेक्टरला सांगायचं? मी किल्ली खिशात टाकली.

धोंडूदादा पायरीवर सरकले, माझ्यापुरती जागा केली आणि म्हणाले, "साहेब, ह्यांना मी बोलावलंय."