एकवीस सालची विओनिए

—नाही, ती नको. ठेवा खाली सर, ती फक्त दिसायला बरी आहे. शोकेसमधल्या सगळ्याच बाटल्या आमच्या काकांनी लोणच्याच्या बरण्यांसारख्या उभ्या मांडल्यात. शंभरदा सांगितलं, काका, बुचाची बाटली आडवी निजवायची, बूच वाळलं की हवा आत शिरते. तर म्हणतात, "आडवी ठिवली की गिऱ्हाइकाला लेबल दिसत न्हाई गं." झालं! आप्पासो काकांना लेबल दिसलं पाहिजे, आत व्हिनेगर झालं तरी चालेल. या, आत या—जरा वाकून, चौकट बुटकी आहे. खऱ्या बाटल्या इथं आहेत.

वाईहून आलात म्हणजे पहाटेच निघाला असाल. आणि तेही विओनिए वाईनसाठी! इकडं पलूस-तासगावात द्राक्ष म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहीत, खायची नाहीतर बेदाण्याची. हिचं नावसुद्धा कुणाला घेता येत नाही. आमची आत्या सरळ विनोदिनी म्हणते—"विनोदिनीला औंदा घड कमी हायत." तुमच्या गेस्ट हाऊसच्या पाहुण्यांनी पूर्वी इथंच चाखली होती? आणि एकवीस सालचीच हवी? बरोबर आहे, त्यानंतर आम्ही केलीच नाही. त्या अर्ध्या एकरातले वेल काकांनी उपटून टाकले, आता तिथं खायची सुपर सोनाका द्राक्षं आहेत. पण सर, आधीच सांगते, ही जात ताजी प्यायची. दोन-तीन वर्षं सोनचाफ्याचा वास येतो, जर्दाळूची चव येते, मग उतरणीला लागते. उरल्यात अठ्ठावीस. त्यातल्या तुम्हाला हव्यात तेवढ्या सहा चांगल्या निघाल्या तरी नशीब समजा.

ही धरा, दाराच्या उजेडात. रंग बघा—वाळल्या गवतासारखा हवा. ही मधासारखी झालीय, म्हणजे गेली. हिची पातळी बघा, मानेच्या खाली आलीय, ठेवा बाजूला. हिच्या बुचाशी बोट लावा. चिकट लागतंय ना? पाझरलीय. ही चांगली आहे. ही एक झाली.

काय? हो, ते कार्ड. काकांनी गेल्या महिन्यात छापून आणलं, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोरीनं बांधलंय. फोटोतला माझा भाऊ, शंभूराज. वडील फौजेत, सुट्टीला यायचे तेवढेच, त्यामुळं हा सगळा वाईनचा कारखाना काकांनी आणि शंभूनं उभा केला. दारू करायला शिकायला नाशिकला गेला म्हणून भावकीनं कमी टोमणे मारले नाहीत त्याला. खाली काय लिहिलंय वाचलंत? "हृदयविकाराने अकाली निधन." सव्वीस वर्षांचा होता हो. रोज पहाटे आष्ट्याच्या रस्त्यानं पाच किलोमीटर पळायचा. त्याला कसला हृदयविकार? पण आमच्या घरात मोठ्यांनी एकदा ठरवलं की ठरलं. चार वर्षं सगळ्या गावाला तेच सांगतायत, आता छापूनही टाकलं. मला न विचारता! मी भांडले, दोन दिवस जेवले नाही. खोटं आहे ते म्हटलं, काढा. काका मान खाली घालून बसले. मला असला राग येतो ना—बोलायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं झाकून ठेवायचं.

ही दोन. ही नको, तळाशी बघा केवढा गाळ.

टाकीत गेला तो. ही वाईन ज्या टाकीत आंबली ना, त्याच टाकीत. पाडव्याचा दिवस. आदल्या दिवशी वाईन दुसरीकडं काढून घेतली होती, तळाचा गाळ धुवायचा होता. माणूस रांगत आत जाईल एवढं दार असतं खाली. वाईन आंबताना जो कार्बन डायऑक्साइड सुटतो तो हवेपेक्षा जड असतो, वाईन काढली तरी तळाशी बसून राहतो. रंग नाही, आवाज नाही. दोन-चार श्वासांत माणूस आडवा. पंखा लावून आधी हवा खेळवायची असते, शंभूला ते ठाऊक होतं, पण सणाची गडबड होती, बाहेर पोळ्या झाल्या होत्या, पंखा वरच्या खोलीत—

तर आता म्हणाल, कुणी अडवलं नाही का? अडवलं ना. तेच तर. आत्यानं पूजा मांडली होती टाकीच्या दारात. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि निरांजन हात लांब करून आत ठेवलं. विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. तिसऱ्यांदा तर वात आत नेता-नेताच गेली. आत्यानं निरांजन मागं घेतलं. म्हणाली, "आप्पा, आज नगं रं. दिवा ऱ्हाईना झालाय. लक्षान बरं न्हाई." आणि काकांनी लगेच ऐकलं. "शंभू, ऱ्हाऊ दे आज. उद्या बघू."

उद्या म्हणाले ते. उद्या टाकी उघडीच राहिली असती, हवा खेळली असती—

आणि मी हसले, सर. मी. दिवा विझला म्हणून टाकी धुवायची नाही? कुठल्या काळात जगता काका तुम्ही? असं सगळ्या गड्यांसमोर म्हटलं. मग शंभूकडं वळले, "जा रे तू. का घाबरलास दिव्याला? नाहीतर हे आता भटजीला बोलवतील." तोही हसला. मला चिडवायचा तसा, नाक फेंदारून. पाईप-ब्रश घेतला आणि आत गेला.

मी केमिस्ट्रीची बीएस्सी आहे. सांगलीत कॉलेजात पहिली आले होते. जळती काडी कशानं विझते हे मी शिकवणीच्या मुलांकडून पाठ करून घ्यायची. माझ्या डोळ्यांसमोर वात तीनदा विझली. आणि मला काय दिसलं? म्हातारी माणसं आणि त्यांचा अपशकुन. बास. त्यांचं बोलणं आलं की आपण आधी हसायचं, मग ऐकायचंच नाही, ही सवयच लागली होती मला.

ब्रशचा आवाज थांबला. पाणी चालूच होतं. मला वाटलं मुद्दाम करतोय.

काका गेले आत. साठीचा माणूस, श्वास रोखून आत शिरला, पाय धरून ओढत आणला त्याला. तोंडावर पाणी मारलं, छाती दाबली. काही नाही. मग माणसं जमली, काय झालं, काय झालं—आणि काकांनी माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाले, "पोराच्या छातीत कळ आली." तेव्हापासून तेच. वडिलांनाही फोनवर तेच सांगितलं. रात्रभर तोंडातल्या तोंडात म्हणत होते, "आमी जुन्या हिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचो. मलाच कळाय पायजे हुतं." मलाच, मलाच. आत्याही कधी एक शब्द बोलली नाही. माझं नाव घराबाहेर जाऊ दिलं नाही त्यांनी.

आणि मी त्यांना खोटारडे म्हणते. रोज म्हणते. कारण एकदा तरी त्यांनी ओरडावं, की सृष्टे, तू पाठवलंस त्याला. ओरडतच नाहीत. जेवलीस का विचारतात.

काय बोलून बसले मी. तुम्ही वाईन घ्यायला आलेला माणूस—

नाही. ठेवा त्या. दोन्ही ठेवा. सहा नाही, एकही नाही. पाहुण्यांना सांगा संपली म्हणून, दुसरी कुठली पांढरी द्या, त्यांना फरक कळणार नाही. अहो, दराचा प्रश्नच नाही, मला द्यायच्या नाहीत. कुणी गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसून हसत-खिदळत ही प्यायची, ते मला—निघा तुम्ही. डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे म्हटलं ना.

आणि हे बघा, फाटकापाशी काका भेटतील. विचारतील, का हो, मोकळ्या हातानं? सांगा, एकही बाटली पसंत पडली नाही. एवढं खोटं बोला माझ्यासाठी. इथं सगळेच बोलतात.