अंड्याला कसली आलीय घाई!

…नाही, पण मी म्हणतो, अंड्याला कसली आलीय एवढी घाई? डॉक्टर म्हणाले, गुडघे वाचवायचे तर मांड्या मजबूत करा, म्हणून या वयात जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर, तुम्हाला सांगतो, दंड असे की शर्टाच्या बाहीची दया यावी! "काका, व्यायाम झाला की अर्ध्या तासात खायचं हं! अंड्यातून प्रोटीन, केळ्यातून कार्ब्ज. उशीर केलात की मेहनत पाण्यात! आणि खाल्लं की जिमच्या नंबरवर मेसेज टाकायचा."

म्हणजे बघा, सदरा घामाने चिकटलाय, आणि मी रस्त्याने पळतोय! जिन्यात शेजारीण, "अगंबाई, कुणाला काही झालं का?" "नाही हो, केळं खायचंय!" ती अजून माझ्याकडे जरा जपूनच बघते. घरात शिरलो की गॅस, पातेलं… सोलताना बोटं भाजतायत, निम्मं अंडं टरफलालाच… सांगा, अंड्याला कसली आलीय घाई? पण मेसेज गेला नाही की ट्रेनरचा फोन, "काका, खाल्लं का?"

आता… कसं आहे, ही गेल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं हो. मुलगा परगावी, त्याचा फोन रविवारी. "बाबा, बाकी ठीक?" बाकी! म्हणून मी काय करायचो, खाऊन व्हायचं, तोंड पुसून व्हायचं, आणि मेसेज मुद्दाम टाकायचो नाही. फोनकडे बघत बसायचो.

आणि गेल्या आठवड्यात हा ट्रेनर हसत हसत म्हणतो, "काका, आता म्हणतात एवढी घाई नको! दिवसभरात पुरेसं खाल्लं की झालं. मेसेजचीही कटकट नको." अरे, अंड्याला कसली घाई, हे मी म्हणायचं, तू नाही! भांडलो मी. "आणि माझ्या स्नायूंचं काय?" "वाढतील हो, सावकाश."

सावकाश घरी आलो. सावकाश अंडी उकडली. अख्खी सुटली, एक ओरखडा नाही! दाखवायला कुणी नाही. न राहवून मेसेज टाकलाच, "खाल्लं." लगेच उत्तर! "शाब्बास! असंच चालू ठेवा!" मी असा हरखलो, रविवारी मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, "अहो बाबा, ते मशीन पाठवतं. काहीही लिहा, तेच येतं."

काल लिहिलं, "आज अजिबात करमत नाही."

लगेच आलं, "शाब्बास! असंच चालू ठेवा!"

म्हटलं, ठेवतो बाबा.