तिकिटाचा रोवणा

पुण्याच्या आयटी कंपनीतली मोनाली सुटीवर गावी आली होती. भातशेतीच्या मुलखातल्या गोरेगावच्या बसमध्ये ती आपल्या टीमचे चिखलातले हसरे फोटो बघत बसली होती. मागच्या सीटवर दोन बायांचं रंगलं होतं.

“धुरपता, इंजिनेर पोरगा येऊन राहिला का वं धानाच्या रोवण्याले?”

“सुटी नाही म्हणते. शनवारी हापिसातल्या दोस्तायसंग रोवणाच लावाले गेला होता.”

“कोणाच्या वावरात, कोणाच्या बांधीत?”

“रिसॉर्टच्या. तिकीट काढून.”

“चिखलात उतराचं तिकीट?”

“वरून चुलीवरची भाकर, बैलगाडी अन् फोटो.”

“मंग तो धान कापते कोण?”

“कायचा धान! हे गेले का रिसॉर्टवाले रोपं उपटून ठेवतेत. दुसऱ्या पाहुण्यायले लावाले पाहिजे नं?”

“अवं, मंग त्याले म्हण, आपल्या बांधीत फुकट ये.”

“म्हणलं नं. त म्हणते, आई, आपल्या बांधीत कंबर दुखते.”