भिंतीवरची दाढी

शालू : थांबा. आधी खिडकी लावून घेते, मग बोलू.

देवमन : कावून? मी का चोरी करून आलो?

शालू : सकाळी तुमचं चित्र पाहून आले. रेल्वे फाटकाजवळच्या भिंतीवरचं. बेबी कडेवर होती.

देवमन : मंग? कसं जमलं? प्रसिद्धी खात्याचा साहेब तं लई खूश झाला. म्हणे, मास्तर, शाळेत पोरायकडून आंबे-पेरूची चित्रं काय काढून घेता? तुमचा हात सरकारच्या कामाचा हाय.

शालू : बेबीनं बोट दाखवलं अन् ओरडली, 'उस्मानमामा!'

देवमन : काय म्हणतं!

शालू : भर रस्त्यात. पानठेल्यावर माणसं रेडिओला कान लावून उभी होती, पाकिस्तानच्या लढाईच्या बातम्या ऐकत. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ठेवायला नको होता. त्यानं तर जास्तच...

देवमन : एवढुसं लेकरू. तिले कावळाबी मामाच वाटते.

शालू : मलाही तेच दिसले. डावी भुवई मधेच तुटकी, खालचा ओठ जाड, दाढी तशीच. अन् खाली तुमच्या हातची अक्षरं, 'सावध! हेर तुमच्या शेजारीच असेल.' अहो, ते खरोखरच आपल्या शेजारी राहतात!

देवमन : मी मुद्दाम नाही काढला, शाले. ड्रॉइंगच्या परीक्षेच्या वक्ताले समोर बसाले कोणी भेटे ना. उस्मान दुकानात फ्रेमा ठोकत बसे, मी त्याचंच तोंड काढो. तवा त्याले दाढी नव्हती. काढू काढू हात बसला. आता माणूस काढतो म्हटलं का तोच निघते. साक्षरतेच्या चित्रातला पाटीवाला शेतकरीबी तोच होता. त्याले कोणी वळखलं?

शालू : तेव्हा कोणी शोधायला निघालं नव्हतं.

देवमन : दाढी तं माही नाहीच. साहेबानं लावाले लावली. म्हणे, हेर हाय हे लोकायले दुरून समजलं पाह्यजे.

शालू : मग तेवढी पुसून टाका.

देवमन : सरकारी चित्र? अन् लढाई चालू असताना? कोणी पाह्यलं तं उद्या भिंतीवर माहं तोंड येईन!

शालू : काल तुमचं चित्र पुरं झालं. आज दुपारी उस्मानभाईंच्या दुकानाच्या पाटीवर शेण होतं. अनवरीभाभी धूत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, गाय आली होती. एवढ्या उंचावर गाय?

देवमन : मले बोलला नाही तो.

शालू : आता बोलतील का तुमच्याशी? अन् बेबी माझ्या कडेवरून ओरडली. लोकांना नाव कोणी दिलं? आपल्या घरानं.

देवमन : बरं, रडू नको. साहेब अमरावतीले गेला हाय. तांबडं फुटाच्या आधी जातो. विचारलंच तं म्हणीन, साहेब, बिनदाढीचा हेर जास्त खतरनाक, वळखूच येत नाही!

(दुसरा दिवस. सकाळ.)

शालू : आधी हात धुवा. नखांत रंग आहे.

देवमन : झालं व काम. पार गुळगुळीत केला. मोकळी जागा बरी दिसे ना, म्हणून हनुवटीले जरासा खड्डा देल्ला. एक दूधवाला गेला, त्यानं मानबी वर नाही केली.

शालू : श्श. दारात कोण आहे?

अनवरी : मी व्हय, भाभी. बेबी उठली का? तिले सांगून ठेवा, मामाले पाहून भिऊ नको म्हणा.

शालू : का? काय झालं त्यांना?

अनवरी : काही नाही व माय. पहाटे फजरची नमाज पढून आले अन् आरसा घेऊन बसले. पुरी दाढी काढून टाकली. निकाहपासून मी त्याहिले बिगर दाढीचं पाह्यलंच नव्हतं. घरात गैर माणूस शिरल्यावानी वाटलं. हनुवटीले खड्डा हाय, हेबी मले आजच मालूम झालं.

देवमन : खड्डा...

अनवरी : हौ, मास्तर. तुमच्यावर गुस्सा नाही त्याहिचा. म्हणले, देवमनचा हात हाय तो, मनात काही नाही. त्याले सरकारचं चित्र बदलवता येत नाही, तं मीच बदलतो. आता नाही ना दिसत त्या चित्रावानी?

शालू : भाभी, आज दुकान उघडू देऊ नका. त्यांना घरातच बसवा. कसंही करून बसवा.

अनवरी : ते तं कवाचे गेले. फाटकावरूनच गेले. म्हणले, आता काहाचा भेव.