पाटी वाचली का?

चहा घ्या, तोवर आमच्या केजकडची एक गंमत ऐका. दुष्काळ होता. दूध सोसायटीनं चारा छावणी उघडली, मोठी पाटी लावली. पण जनावरं काही येईनात. आठवडाभरात आली नाहीत तर छावणी बंद होणार होती. चेअरमन म्हणाले, “शेठ, तुम्ही पेंडीचे व्यापारी, माणसं ओळखता. जरा लोकांना विचारून पाहा.”

मी एकच प्रश्न काढला: पाटी वाचली का? टँकरच्या रांगेत गेलो, तर उन्हात नुसत्या घागरी उभ्या, स्वप्नात दिसाव्यात तशा. माणसं लिंबाखाली पेंगलेली. एकेकाला हलवून विचारलं. सगळे म्हणाले, “व्हय, वाचली.”

शेवटी कौसाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, “शेठ, जनावर कावून आणलं न्हाई, ते इचारा की.”

“बरं, का नाही आणलं?”

“पोरं ऊस तोडाया गेलीत. छावणीत गाईपाशी रातभर आमी म्हाताऱ्यांनी बसावं व्हय?”

मी हे चेअरमनना सांगितलं, आणि सोसायटीनं रात्रीसाठी दोन राखणदार ठेवले. तिसऱ्या दिवशी धुळीतून गाई जणू तरंगतच आल्या. चेअरमन राखणदारांकडे न बघता पाटीवर थाप मारून म्हणाले, “शेठ, पाटी लई लागू पडली हो!”