शेगडीखालची जागा

मी मूळची इंदुरीकडची, नदीकाठची, आन लगीन करून वर कुरवंड्याला आले तवा मला वाटायचं माणसं ढगात कशी काय राहत्यात, कारण पावसाळ्यात धुकं असं उतरतं का दारातल्या म्हशीकडं दावं धरून जावं लागतं. आता हितलीच झाले. आमचं घर तवा डोंगराच्या कडंला, मागं परसात जांभूळ. सासऱ्यांच्या माघारी भावाभावांनी घरासकट ती जमीन इकली, आमी खाली वस्तीत आलो, मुंबईच्या लोकांनी बंगला बांधला, आन काय सांगू तुमाला ताई, मी त्याच बंगल्यात झाडलोटीला लागले. बाया म्हणायच्या, कौसाबाई, आपल्याच जमिनीवर कामाला जाती, लाज न्हाई वाटत? म्हटलं लाज कसली, पायाखाली जमीन तर तीच हाय.

बंगला सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं देत्यात. मागं फरशीवर ती गॅसची शेगडी, बार्बेक्यू म्हणत्यात तिला, मोठी पेटी, वर झाकण, आत जाळी, कोंबडी भाजायला. पावणं खाऊन जात्यात आन मागं तेल, मसाला, जळकं कातडं मला. पयला सिलेंडर काढून लांब ठिवायचा. शेगडी निवू द्यायची, पर पार गार न्हाई, हाताला सोसंल इतकी, तवा चरबी सुटती. जाळीला अर्धा कांदा घासायचा, मग नारळाच्या शेंडीनं राख. मालकीणबाईंनी तारेचा ब्रश दिलाय, पर त्याचे केस तुटून जाळीत अडकत्यात, कुणाच्या घशात गेला म्हंजी? खालचा तेलाचा ट्रे रिकामा करायचा, न्हाईतर उंदरं येत्यात, कधी तेलच पेट घेतं. सून सुनीता म्हणायची, आत्याबाई, घरातली भांडी बी इतकी घासत न्हाई तुमी.

इतकी का घासते, तुमी इचारताय म्हणून सांगते. जांभळीशेजारी जितं ती शेगडी हाय ना, त्या फरशीखाली माझी पयली लेक हाय. तान्ह्या लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात, आन ओढ्याकडं पुरलं तर कोल्ही उकरत्यात, म्हणून सासूनं परसातच ठिवली, वर दगड रचला. बंगल्याचं काम चाललं तवा मी रोज येऊन बगायची, जीव मुठीत धरून. त्यांनी तितं खणलं न्हाई, भर टाकली, फरशी घातली, आन वर शेगडी आणून ठिवली. म्हटलं बरं झालं. जवर ही शेगडी चालती तवर हितं कुणी कुदळ मारायचं न्हाई. म्हणून घासते ताई. लोकांच्या कोंबडीसाठी न्हाई.

पर येक हाय. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, शेगडीवर कव्हर, सिलेंडर खोलीत कुलपात. सकाळी मी कव्हर पुसायला जाते, बुरशी धरती ना, तर सगळी पेटी बर्फावानी गार आन डावा कोपरा कोमट. दुलईखाली निजलेल्या लेकराचं अंग आसतं तसा कोमट. पयल्यांदा मी हात काढून घेतला आन पळाले. वाटलं कुणी चोरून पेटवून गेलं, तर कुलूप जसंच्या तसं. बंगल्याचं कुत्रं कोरडा व्हरांडा सोडून त्याच कोपऱ्याखाली पडलेलं आसतं. हाकललं तर जात न्हाई, नुसतं बगत राहतं, माझ्याकडं न्हाई, माझ्या मागं. मी काय मागं वळून बगत न्हाई.

आवंदा पाऊस सरला, पावणं आलं, तर शेगडी धड पेटंना. जाळ पिवळा, आन बटनाखालून भसकन भायेर. मालकीणबाई, माणूस चांगली, बोलल्या, कौसाबाई, जुनी झाली आता, भंगारात देऊ, आन हितं पोरांना डुंबायला टाकं खणू, सोमवारी माणसं येतील. खणू म्हटल्यावर मी जाऊन शेगडीला हात लावून हुबी राहिले. म्हटलं, बाई, मला येकदा बगू द्या. त्या हसल्या, बगा की, तुमचा लय जीव तिच्यात.

सुनीतानं कामशेतच्या गॅसवाल्याला फोन लावला. तो बोलला, मावशी, सिलेंडर सोडवा, बर्नर भायेर काढा, नळीत कोळ्यानं घर केलं आसंल. काढला. खरंच, नळीत पांढरंफेक जाळं, कापसाच्या पेळूवानी घट्ट. तार घालून वढलं तर सगळं अखंड आलं, आन आत कोळी न्हाई, अंडी न्हाई, काईच न्हाई, नुसतं पोकळ, तान्ह्याच्या टोपड्यासारखं. फेकवंना मला. जांभळीच्या बुंध्याशी ठिवलं.

सुनीता बर्नर बसवत व्हती. सिलेंडर अजून लांबच. तिचा हात डाव्या कोपऱ्याला लागला आन ती थबकली. आत्याबाई, हे पेटवलं कुणी? कुणी न्हाई. मग ऊन कसं? तवा सांगितलं सगळं, जे तिच्या नवऱ्याला बी ठावं न्हाई. वाटलं भिईल, उद्यापास्नं पाय ठिवायची न्हाई. तिनं हात काढला न्हाई. तसंच वाकून इचारलं, नाव काय हो तिचं? म्हटलं, बारशाच्या आदीच गेली.

मग सिलेंडर जोडला, साबणाचं पाणी लावून कुटं गळतंय का बगितलं, झाकण उघडं ठिवून पेटवली. जाळ निळा, येकसारखा. मालकीणबाईंनी बगितलं, बोलल्या, चालतीये तर राहू दे, टाकं पुढच्या अंगाला करू.

आता माझ्या गुडघ्यांनी चढ चढवत न्हाई, सगळं सुनीताच बगती, मी कधीमधी जाऊन जांभळीखाली बसते. ती डाव्या बाजूला शेंडी टेकवत न्हाई, मऊ फडक्यानं पुसती, आन पुसताना वाकून हळू बोलत आसती. परवा मी जवळ गेले तर येक नाव कानावर आलं, पोरीचं. आमच्या घरात, भावकीत त्या नावाचं कुणी न्हाई. ते नाव सुनीतानं ठिवलं का तिला कुणी सांगितलं, मी इचारलं न्हाई. दोन्ही बरंच हाय. माझ्या माघारी तिला हाक मारणारं कुणीतरी झालं, आता मी कवाबी निघायला मोकळी. तुमचं बी चांगलं हुवू द्या ताई. च्या घ्या, निवतोय.