टॉवरची माफी

मारेगावच्या बसस्थानकावर, माझ्याच बाकड्यावर, एक म्हातारं जोडपं नव्या फोनवरून भांडत होतं.

“किती वर्षं त्या टॉवरले शिव्या देल्या तुम्ही!”

“सिम बदललं न मी, कुंदा. कंपनी बी बदलली.”

“फोन सोडून सगळं बदललं! त्या जुन्या डबड्यात फाइव्ह-जी येतच नाही, हे मी सांगून सांगून थकले.”

“बरं बाई, लावतो आता.”

“मह्याकडे तोंड करून धरा. अन् हात हालवू नका.”

“कोणाले लावता, काकू?” शेजारच्या बाईनं विचारलं.

“लेकीले, पुण्याले. मितालीले ऐकू येत नाही, हातानं बोलते ते. जुन्या फोनात तिचे हात मधातच थिजायचे, अन् अर्धी गोष्ट पुण्यातच राहायची.”

“लागला का, कुंदा?”

“लागला! अहो, बोट न् बोट दिसून राह्यलं!”

“काय म्हणते?”

“नोकरी पक्की झाली म्हणते! अन् बाबाले सांग म्हणते, पहिले त्या टॉवरची माफी मागा.”

“वणीवाले, चला! ओ काकू, गाडी सुटून राह्यली!” कंडक्टर ओरडला.

“थांब रे भाऊ, मही लेक बोलून राह्यली. तिचं पुरं होऊ दे.”